खेळ संपल्यावर काय?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला फोन केला तो विषय ठरवूनच. "तू आयटीतली. एआयवर बोल. सगळ्यांना कळेल असं बोल आणि वीस मिनिटांत आटप." मी विचार केला, एआयबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाच्या आत फॉरवर्ड होऊन आलेलं असतं. त्यात मी काय भर घालणार? म्हणून मी समितीला म्हटलं, मला एका माणसाबद्दल बोलू द्या. तो आपल्या शाळेतला नाही, आपल्या देशातलाही नाही. तो आधी फुटबॉल खेळायचा, आता सिनेमात आणि टीव्हीवर काम करतो. समितीतल्या एकाने लगेच विचारलं, "याचा आपल्याशी काय संबंध?" तो संबंध सांगण्यासाठीच ही वीस मिनिटं घेते.

आपण सगळे आता पंचेचाळीस-सेहेचाळीसचे झालो. या वयात मुलांच्या क्लासची फी आणि आईवडिलांच्या औषधांचं बिल एकाच महिन्यात येतं. आणि नेमकं याच वयात "आता तुमची गरज नाही" हे वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता वाढते. माझ्या क्षेत्रात तर वाढलीच आहे. पण समोर बसलेल्यांत कुणी कारखान्यात आहे, कुणी बँकेत, कुणी छापखाना चालवतं, कुणाचं दुकान आहे. प्रत्येकाने आपापल्या जागी हे वाक्य एकदा तरी ऐकलंय, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्याला ऐकताना पाहिलंय. खेळाडूला मात्र ते वाक्य पंचेचाळिसाव्या वर्षी नाही, अठ्ठाविसाव्या वर्षी ऐकावं लागतं. म्हणून मला वाटलं, याबाबतीत आपल्याहून अनुभवी माणसाला विचारावं.

त्याचं नाव टेरी क्रूज. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलं आहेत त्यांनी त्याला नक्की पाहिलंय. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' या पोलीस ठाण्यावरच्या विनोदी मालिकेतला तो अवाढव्य सार्जंट. दंड असे की शर्टाच्या बाह्या आता फाटतील असं वाटावं, आणि जीव कशात, तर दह्यात आणि आपल्या जुळ्या मुलींत. माझ्या मुलीने मला ही मालिका दाखवली. हसता हसता मी त्या नटाचं आयुष्य वाचायला घेतलं, आणि माझं हसू हळूहळू थांबलं.

आधी एक खुलासा करते, नाहीतर आपल्या पीटीच्या सरांना प्रश्न पडेल. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, लांबट. तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि समोरच्याला अंगावर घेऊन आडवं पाडायचं. कबड्डीतली पकड आणि रेल्वेची टक्कर एकत्र केली तर साधारण कल्पना येईल. तिथली मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. या लीगमध्ये खेळाडू सरासरी साडेतीन वर्षंही टिकत नाही. बहुतेकांच्या करारात पूर्ण पैशाची हमी नसते. आज संघात, उद्या बाहेर. काढायची पद्धतही ठरलेली. संघाचा एक माणूस येतो आणि सांगतो, "कोचनी बोलावलंय, येताना प्लेबुक घेऊन ये." प्लेबुक म्हणजे संघाच्या डावपेचांची वही. ती परत मागितली की खेळाडू समजून जातो. आमच्याकडे लॅपटॉप परत मागतात. फरक तेवढाच.

टेरीचा जन्म १९६८चा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या गावातला. पिंपरी-चिंचवडचं मोटारींशी जसं नातं आहे तसं फ्लिंटचं. जनरल मोटर्स ही कंपनीच १९०८ साली तिथे स्थापन झाली. टेरीचे वडील त्याच कंपनीत फोरमन. पगार चांगला, पण दारू प्यायचे आणि घरात मारहाण करायचे. हे टेरीने स्वतः पुस्तकात लिहिलंय आणि जाहीर मुलाखतींतही सांगितलंय. तो मोठा होत होता त्या वर्षांत फ्लिंटमधले कारखाने एकामागून एक माणसं कमी करत होते. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा काका मुंबईच्या गिरणीत होते, त्यांना असं गाव कसं दिसतं हे मी सांगायला नको.

अशा गावातून बाहेर पडायचा एक रस्ता म्हणजे खेळ. पण या मुलाकडे आणखी एक गोष्ट होती. तो चित्रं काढायचा. बासरीही वाजवायचा, पण चित्रं त्याची खरी. इतकी चांगली, की शाळा संपल्यावर इंटरलॉकेन या नावाजलेल्या कलाशिक्षण संस्थेत शिकण्यासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात त्याला कलेसाठीही शिष्यवृत्ती मिळाली आणि फुटबॉलसाठीही. १९८८ साली त्याच्या विद्यापीठाच्या संघाने आपल्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. आणि फ्लिंटमध्ये त्याने एका खुनाच्या खटल्याची रेखाचित्रं काढायचं कामही केलं. तिथल्या अनेक न्यायालयांत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून बातम्यांसाठी चित्रकार बसवतात. डोळ्यांसमोर ठेवा, शंभर किलोंच्या घरातला एक तरुण कोर्टात मागे बसून पेन्सिलीने आरोपीचा चेहरा काढतोय.

आपल्या वर्गातल्या किती जणांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती, हात वर करा बघू. बघा, निम्मा वर्ग! आणि त्यानंतर ब्रश हातात किती जणांनी धरला? (हशा.) चित्रकलेचे सर समोर बसलेत, म्हणून उत्तर मागत नाही.

१९९१ साली टेरीची एनएफएलमध्ये निवड झाली. तिथे दर वर्षी सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात. त्या वर्षी बारा फेऱ्या होत्या. टेरी अकराव्या फेरीत निवडला गेला, एकूण क्रमांक २८१. लॉस एंजेलिस रॅम्सने घेतला. पुढे सॅन डिएगो, मग वॉशिंग्टन, मधे काही महिने जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संघाकडून. पाच-सहा वर्षांत मैदानात उतरायला मिळालं ते बत्तीस सामन्यांत. बाकीचा वेळ बाकावर, किंवा संघातून काढल्यावर पुढच्या फोनची वाट बघण्यात. आपण टीव्हीवर पाहतो ते चमकणारे खेळाडू वेगळे. हा त्यांच्या मागच्या रांगेतला, दर हंगामात नव्याने नोकरी शोधणारा.

आता या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. त्या वर्षांत टेरीचं घर चालायला मदत कशाने झाली? चित्रांनी. तो संघातल्या मोठ्या खेळाडूंची व्यक्तिचित्रं काढून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. जे मैदानात तारे होते ते त्याचं गिऱ्हाईक झाले. एका अर्थी हे मनाला लागणारं आहे. ज्यांच्या बरोबरीने खेळायचं त्यांच्याकडेच ऑर्डर मागायची. पण त्याने मागितली. घरी बायको होती, मुली होत्या.

१९९७ साली खेळ संपला. त्याने बायको-मुलांसह लॉस एंजेलिस गाठलं. डोक्यात सिनेमा होता, पण नट होणं नव्हतं. पडद्यामागची कामं, चित्रं, ॲनिमेशन असं काहीतरी त्याला करायचं होतं. त्याआधी त्याने एका मित्राबरोबर एक छोटा सिनेमा लिहून काढलाही होता, आणि तो किती वाईट होता हे तो स्वतःच हसत सांगतो. शहरात आला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण एनएफएलचे खेळाडू, दारं उघडतील. दारं उघडली नाहीत. होते ते पैसे संपले. शेवटी तो रोजंदारीवर माणसं पुरवणाऱ्या एका ठिकाणी गेला, आणि त्याच्या हातात झाडू देण्यात आला. एका कारखान्यात केर काढायचा. तासाला ८ डॉलर. काल ज्याच्या पाठीवर नाव छापलेली जर्सी होती, तो आज यंत्रांखालचा कचरा गोळा करत होता.

मित्रांनो, त्याच्या पुढच्या यशाच्या गोष्टी सगळे सांगतात. मला त्या झाडूपाशी थोडं थांबायचंय. कारण त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या असाव्यात असं मला वाटतं. एक, तो 'माजी एनएफएल खेळाडू' राहिला नाही, आठ तास काम करणारा माणूस झाला. आणि दोन, संध्याकाळी हातात पैसे आले. थोडेच, पण स्वतःच्या कामाचे. ज्याला बरेच महिने काम नव्हतं त्यालाच त्या पैशांचं वजन कळतं.

मला ते थोडंफार कळलं, म्हणून हे बोलते आहे. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी आमच्या अकरा जणांच्या टीममधल्या चौघांचं लॉगिन चालेना. आम्हाला वाटलं, नेटवर्क गेलं. अर्ध्या तासाने मेल आला. त्या चौघांत मी होते. बावीस वर्षांचा अनुभव, आणि समोरून मुलाखतीत विचारत होते, "मॅडम, तुम्ही या वयात नवीन शिकायला तयार आहात का?" मी आपल्या ग्रुपवर एक ओळ टाकली, काम शोधतेय म्हणून. दुसऱ्या दिवशी आपल्यातल्याच एकाचा फोन आला. त्याचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. म्हणाला, "मोठं काम नाही गं, पण माझा स्टॉक अजून वहीत चालतो. देशील का काहीतरी बनवून?" मी दोन महिने त्याच्या वर्कशॉपमध्ये नटबोल्ट मोजत बसले. कुठल्या रॅकमध्ये काय, कुणी किती नेलं, कधी संपतं, याचं सॉफ्टवेअर करून दिलं. मोठ्या कंपनीत मी कधीही वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून प्रोग्राम लिहिला नव्हता. तिथे लिहिला. आज मी ज्या छोट्या कंपनीत आहे, तिथे मला घेताना त्यांनी त्याच कामाबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. त्या मित्राने मला ताकीद दिलीय की नाव घ्यायचं नाही. तो आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. (टाळ्या.)

तर टेरीकडे परत येऊ. झाडूनंतर तो सुरक्षारक्षक झाला. मग १९९९ साली 'बॅटल डोम' नावाच्या टीव्ही कार्यक्रमासाठी धिप्पाड खेळाडू हवे होते. साधे स्पर्धक विरुद्ध हे आडदांड योद्धे, असा तो कार्यक्रम. टेरी निवडला गेला. प्रेक्षकांसमोर आरडाओरडा करणं, भाव खाणं, पडणं आणि पाडणं हे त्याला तिथे सापडलं. पुढच्याच वर्षी, २००० साली, अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या 'द सिक्स्थ डे' या सिनेमात काम मिळालं. मग २००२ साली 'फ्रायडे आफ्टर नेक्स्ट', आणि २००४ साली 'व्हाइट चिक्स', ज्याने तो घराघरांत माहीत झाला.

इथे एक विचार करण्यासारखं आहे. धिप्पाड माणसाला सिनेमात काम मिळणं तसं अवघड नाही. आपल्याकडेही मिळतं. पण कसलं? नायकाच्या हातून मार खाणाऱ्याचं, दारात उभं राहणाऱ्याचं. दहा वर्षांनी अंग सुटलं की तेही संपलं. टेरीने वेगळंच केलं. त्याने स्वतःच्या देहाचीच थट्टा केली. 'व्हाइट चिक्स'मध्ये हा राक्षसासारखा माणूस मोटारीत बसून एक नाजूक प्रेमगीत मान डोलवत, डोळे मिटून म्हणतो. प्रेक्षक हसून लोळतात. ज्या ताकदीवर त्याने पोट भरलं होतं, तिच्याकडे तो बाहेरून बघू शकला, म्हणून हा विनोद झाला. मला वाटतं ही नजर चित्रकाराची आहे. चित्र काढणारा माणूस स्वतःचा चेहराही परक्याचा असल्यासारखा न्याहाळू शकतो.

आणि मैदानानेही त्याला काही दिलंच असणार. तिथे दर सामन्यानंतर सगळ्या संघाला बसवून चित्रफीत दाखवतात. कोच सगळ्यांदेखत सांगतो, इथे तुझा पाय चुकला, इथे तू उशिरा वळलास. परत करा, परत करा. सिनेमाच्या सेटवर वेगळं काय असतं? ठरलेल्या खुणेवर उभं राहायचं, दिग्दर्शक म्हणाला की तेच सोळाव्यांदा करायचं, आणि मनाला लावून घ्यायचं नाही. प्रसिद्धी मागे राहिली, ही सवय मात्र कामाला आली.

२००५ ते २००९ 'एव्हरीबडी हेट्स क्रिस' या मालिकेत त्याने ब्रुकलिनमधल्या एका काटकसरी बापाची भूमिका केली. हा बाप दोन-दोन नोकऱ्या करतो, आणि मुलाच्या हातून दूध सांडलं तर किती सेंटचं सांडलं ते सांगतो. दिवा चालू राहिला की उठून बंद करतो. ही मालिका मी पाहिली तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या प्रत्येकाच्या घरातला बाप आहे, फक्त इंग्रजी बोलतोय. ज्याने मारहाण करणारा बाप पाहिला होता, त्याने पडद्यावर कष्टाळू, हळवा बाप उभा केला. पुढे २०१३ ते २०२१ 'ब्रुकलिन नाइन-नाइन'. तिथला सार्जंटही, योगायोग बघा, उत्तम चित्रं काढतो.

असं करणारा टेरी पहिला नव्हे. वुडी स्ट्रोड १९४६ साली लॉस एंजेलिस रॅम्समध्ये आला, तेव्हा त्या लीगमध्ये बारा वर्षं एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तो आणि केनी वॉशिंग्टन यांनी ते दार उघडलं. हाच स्ट्रोड १९६०च्या 'स्पार्टाकस'मध्ये दिसतो, हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला मारायला नकार देणाऱ्या ग्लॅडिएटरच्या भूमिकेत. जिम ब्राउन तर त्या खेळातला बादशहा. १९६६ साली इंग्लंडमध्ये 'द डर्टी डझन'चं चित्रीकरण लांबलं, संघमालकाने दंडाची धमकी दिली, आणि तिशीतल्या ब्राउनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली. आणि 'रॉकी'मधला अपोलो क्रीड आठवतो? तो कार्ल वेदर्स. ओकलंड रेडर्सकडून थोडे सामने खेळला, पण कॉलेजात त्याने नाट्यकला शिकली होती. ब्राउनने खेळ सोडला, टेरीला आणि वेदर्सला खेळाने सोडलं. आपल्यातले बहुतेक जण या दुसऱ्या गटातले. आणि त्या दोघांच्याही हाताशी एक जुनी, खेळाशी संबंध नसलेली शिदोरी होती.

मला माहीत आहे, मागच्या रांगेतून आता प्रश्न येणार, आपल्याकडे असं कुणी आहे का? आहे. आय. एम. विजयन. केरळमधल्या त्रिशूरचा. लहानपणी तिथल्या स्टेडियमवर सोडा विकायचा. मग केरळ पोलिसांच्या संघात, तिथून कोलकात्याला, पुढे भारताचा कर्णधार. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडूनही खेळला, त्यामुळे आपल्या गोव्यातल्या मंडळींनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं असेल. त्याला जयराज या दिग्दर्शकाने 'शांतम' या मल्याळम सिनेमात प्रमुख भूमिका दिली, आणि त्या सिनेमाला २००० सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर तमिळ सिनेमांत त्याने खलनायकही रंगवला. २०२५ साली त्याला पद्मश्री मिळाली. हा आपला, खरा पायाने खेळायचा फुटबॉल खेळणारा माणूस. (टाळ्या.)

आता थोडा गंभीर भाग. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये टेरीने जाहीरपणे सांगितलं की आदल्या वर्षी एका पार्टीत, बायको शेजारी असताना, हॉलीवूडमधल्या एका बड्या अधिकाऱ्याने त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं. त्या दिवसांत अनेक बायका पुढे येऊन बोलत होत्या, आणि हा एवढा मोठा पुरुष त्यांच्या बाजूने उभा राहिला, "हे माझ्याबाबतीतही झालंय" म्हणून. लोकांनी काय विचारलं असेल? तेच, "एवढा धिप्पाड आहेस, मग दोन ठेवून का नाही दिल्यास?" काहींनी तर थट्टाच केली. २०१८ च्या जूनमध्ये तो अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर साक्षीला गेला, अत्याचार झालेल्यांच्या हक्कांच्या कायद्यासाठी. तिथे त्याने शांतपणे सांगितलं की त्याच्यासारख्या कृष्णवर्णीय, धिप्पाड माणसाने हात उचलला असता तर गजाआड तोच गेला असता. आपल्या बायकोने आपल्याला त्यासाठी आधीपासून तयार केलं होतं, हेही सांगितलं. 'टाइम' मासिकाने २०१७ साली मौन तोडणाऱ्या व्यक्तींना वर्षातल्या व्यक्तीचा मान दिला, त्यांत त्याचाही समावेश होता.

हे मी मुद्दाम सांगितलं. आपल्या पिढीतल्या मुलांना "रडतोस काय बायकांसारखा" हे ऐकवत वाढवलं गेलं. आपण मुलींनी ते ऐकलं आणि तसंच खरं मानलं. मग मोठेपणी नोकरी जाते, धंदा बसतो, आणि पुरुष माणूस सकाळी नऊला डबा घेऊन घराबाहेर पडतो, बागेत बसतो, सहाला परत येतो. असे लोक आहेत. मला दोन माहीत आहेत. टेरीला शेवटी ताकद कशाची लागली, तर "मला लागलंय" हे सांगण्याची. समोरच्याला आडवं पाडणं तो कधीच शिकला होता.

शेवटची एक गोष्ट, आमच्या धंद्यातली. २०१६ साली, पन्नाशीला पोचताना, टेरीने घरी स्वतःच्या हाताने गेमिंग कॉम्प्युटर जोडला. कारण? मुलगा सतत गेम खेळायचा आणि बापाला त्यातलं काही कळत नव्हतं. मग त्याने प्रोसेसर काय, ग्राफिक्स कार्ड काय, पंखा कुठे बसवायचा हे शिकून घेतलं, आणि मुलाच्या शेजारी बसून तो जोडला. त्याचा व्हिडिओही केला. ज्या बोटांनी आयुष्यात माणसं आडवी पाडली, त्या बोटांनी एवढे एवढे स्क्रू फिरवले. एआयची भीती वाटणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, माझ्याकडून एआयवरचं भाषण हवं होतं ना, ते एवढंच आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसा आणि विचारा, हे कसं करायचं. त्यांना शिकवायला फार आवडतं. ती थोडी चिडतात, पण शिकवतात.

या सगळ्यातून माझ्या मनाशी जे राहिलं ते सांगते. आपलं पद, कंपनीचं नाव, पाठीवरचा जर्सीचा क्रमांक, हे दुसऱ्याने दिलेलं असतं आणि तो ते परत मागू शकतो. प्लेबुक मागतो, लॅपटॉप मागतो. पेन्सिल धरायची सवय कुणी परत मागू शकत नाही. आणि ती सवय कामाला येण्याआधी मधे एक झाडू असतो. तो उचलायला लागणारं बळ एकट्याकडे नसतं, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी "ये, माझ्याकडे थोडं काम आहे" म्हणावं लागतं.

म्हणून या मेळाव्यात मी दोन विनंत्या करते. पहिली शाळेला. दहावीच्या वर्षी चित्रकलेचा, संगीताचा, खेळाचा तास गणिताला देऊ नका. मी गणितावर जगते, तरी सांगते. दुसरी आपल्याला. आपल्या ग्रुपवर वाढदिवस येतात, सहलीचे फोटो येतात, मुलांचे मार्क येतात. नोकरी गेल्याचं, दुकान बंद करावं लागल्याचं कुणी लिहीत नाही. लिहा. सगळ्यांत लिहायला संकोच वाटला तर आपल्यातल्या एकाला फोन करा. आणि ज्याला फोन येईल त्याने "काळजी करू नकोस" म्हणून ठेवून देऊ नका. आपल्या ओळखीत कुठे काय काम आहे, लहान असो, दोन महिन्यांचं असो, ते बघा. चहाच्या वेळी मी दारापाशी एक वही घेऊन बसणार आहे. एका बाजूला कुणाला काय येतं ते लिहा, दुसऱ्या बाजूला कुणाकडे काय काम आहे ते लिहा. नोकरीचं नाव लिहू नका, येतं काय ते लिहा. शिवण येत असेल, हिशेब येत असतील, जुने पंप दुरुस्त करता येत असतील, चित्रं येत असतील.

संयोजकांनी मघाशीच घड्याळ दाखवलंय. बटाटेवडे गरम आहेत असंही कळतंय. थांबते.